गणती बरोबर आली

जलप्रवासाचा फॉर्म भरताना घड्याळजींचा हात एकदाही अडखळला नाही, आणि घोटाळा तिथंच झाला. अडखळला असता तर निदान त्यांच्या लक्षात तरी आलं असतं. पण एकतीस वर्षांची सवय. ‘सोबत कोण’ हा रकाना दिसला की पेन आपोआप चालायचं आणि बायकोचं नाव लिहून मोकळं व्हायचं. टेलरमास्तरांचा फॉर्मही त्यांनीच भरला. तिथंही मास्तरांच्या बायकोचं नाव आलं.

यात अडचण एवढीच की दोघांनाही बायको नव्हती. कधीच नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी या दोघांनी दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली एका बाजूला घड्याळं दुरुस्त व्हायची, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्र चालायचं. घरमालकीण एकट्या पुरुषांना जागा देत नसे. तेव्हा घड्याळजींनी सांगून टाकलं की आम्ही मावसभाऊ, दोघांच्या बायका परगावी नोकरीला असतात. म्हातारी संशयी. तिची खात्री पटावी म्हणून मास्तरांनी दोन झगे शिवले, एक उंच काटकुळ्या बाईच्या मापाचा आणि एक ठेंगण्या गुटगुटीत बाईच्या. आठवड्यातून एकदा ते झगे दोरीवर वाळत पडायचे. ‘आल्या होत्या का सुना?’ म्हातारी विचारायची. ‘आल्या नि गेल्या,’ हे दोघं सांगायचे. म्हातारी देवाघरी गेली, झगे विरले, पण त्या दोघी काही गेल्या नाहीत. वाचनालय असो, दवाखाना असो, प्रत्येक कागदावर त्यांची नावं चढत राहिली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथं मात्र खोट्यानं चांगला संसार थाटला होता.

म्हणूनच या जलप्रवासाचं ठरलं तेव्हा मास्तरांनी एक अट घातली. जहाज त्यांनीच निवडलं होतं. माहितीपत्रकात दोन पिकल्या केसांचे पुरुष हातात हात घालून कठड्याशी उभे होते, आणि खाली लिहिलं होतं की आमच्याकडे कुणीही कुणासोबत यावं, मानानं राहावं. ते पान मास्तरांनी शिवणयंत्राच्या वर टाचणीनं लावून ठेवलं होतं. दातांनी दोरा तोडत ते म्हणाले, “एकतीस वर्षं मी तुझा मावसभाऊ आहे. बोटीवर मी मावसभाऊ म्हणून येणार नाही. तिथंही लपवलंस तर पहिल्या बंदराला उतरेन आणि बहिणीकडे जाऊन राहीन. परत यायचा नाही.”

मास्तर धमक्या देणाऱ्यांतले नव्हते. ते आधी माप घेत आणि मगच कात्री चालवत. घड्याळजी घाबरले, हो हो म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी बसून, मन भलतीकडे ठेवून, फॉर्म भरला.

जहाजावर चढले त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की जिना अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं हसतमुखानं दोनऐवजी चार कार्डं पुढं केली आणि सांगितलं की दोन कुटुंबं आहात, म्हणून केबिनी शेजारशेजारच्या दिल्यात. सातशे चौदा तुमची नि मिसेसची, सातशे सोळा यांची नि यांच्या मिसेसची. मंडळी मागून येतायत ना? मास्तरांनी घड्याळजींकडे एकदा पाहिलं, आपलं कार्ड उचललं, सातशे सोळात गेले आणि आतून कडी लावली. पहिलं बंदर तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला होतं.

घड्याळजींनी विचार केला. खरं सांगणं हा मार्ग त्यांना सुचलाच नाही. जी गोष्ट आरशालाही सांगितली नव्हती ती काउंटरवर कुठून सांगणार? त्यापेक्षा त्याच खोट्याला एक छोटंसं ठिगळ लावावं. जहाज सुटण्याआधी भोंगा होतो, सगळ्यांनी केशरी जाकिटं घालून आपापल्या ठिकाणी उभं राहायचं असतं, आणि गणती पूर्ण झाल्याशिवाय जहाज हलत नाही, असं पाटीवर लिहिलं होतं. गणतीत दोन बायका कमी भरतील. आपण म्हणू, ऐनवेळी दोघींना ताप आला, राहिल्या घरी. नावं काटतील. मग मास्तरांची समजूत घालू.

भोंगा झाला. त्यांच्या गटात अठ्ठेचाळीस नावं होती. तोच अधिकारी हातातलं यंत्र सावरत एकेकाच्या खांद्याकडे बोट करत गेला. घड्याळजींनी घसा खाकरून ताप तयार ठेवला.

“अठ्ठेचाळीस. पूर्ण,” अधिकारी म्हणाला आणि पुढच्या गटाकडे वळला.

घड्याळजींनी स्वतः मोजलं. शेहेचाळीस. ज्या माणसानं जन्मभर भिंगातून चाकांचे दाते मोजले त्याची गणती चुकत नाही. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. शेहेचाळीसच. त्यांच्या आणि मास्तरांच्या मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा मोकळी होती. दाटीवाटीनं उभी असलेली माणसं ती जागा सोडून उभी होती, आणि पलीकडच्या बाई तर मध्येच “सॉरी हं” म्हणून जरा बाजूला सरकल्या. जहाज हललं.

जेवणाच्या टेबलावर पाच जणांची जागा होती. पाचव्या म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका; सगळे त्यांना पहिल्या तासापासूनच हेडबाई म्हणू लागले होते. हे दोघं, एकमेकांशी न बोलता, जरा उशिरानं पोचले. दोन ताटं वापरून झाली होती. एका पेल्याच्या कडेला ओठांची लाली होती.

“आत्ताच उठल्या बघा दोघी,” हेडबाई म्हणाल्या. “फार गोड बायका. पण तुमच्याबद्दल तक्रार आहे हो त्यांची. लग्नाला एकतीस वर्षं झाली, एकदाही कुठं फिरायला नेलं नाहीत म्हणे.”

घड्याळजींच्या हातातली पोळी हातातच राहिली. सकाळपासून न बोललेले मास्तर पहिल्यांदा बोलले. “कशा आहेत दिसायला?”

हेडबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. आपली बायको कशी दिसते हे विचारणारा नवरा त्यांनी आजवर पाहिला नसावा. तरी त्यांनी सांगितलं. एक उंच, नुसती काठी. दुसरी ठेंगणी, हसरी. “त्या उंच बाईंच्या झग्याची एक बाही मात्र आखूड आहे. कुठल्या शिंप्यानं घोळ घातलाय कोण जाणे.”

मास्तर पांढरेफटक पडले. एकतीस वर्षांपूर्वी कापड खरंच कमी पडलं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी घड्याळजींनाही सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन आवरणारी ताई दोन जास्तीच्या उशा घेऊन आली. बाईसाहेबांनी मागवल्या होत्या म्हणाली. घड्याळजींनी उशाशी ठेवलेलं हातातलं घड्याळ नेहमीप्रमाणे किल्ली द्यायला उचललं तर किल्ली फिरेना. कुणीतरी आधीच पुरती दिली होती. न्हाणीतला टॉवेल ओला होता आणि आरशावर वाफ होती. त्या वाफेत भांग पाडताना पुसतात तेवढाच एक गोल पुसलेला होता, घड्याळजींच्या डोक्याच्या चांगला वीतभर वर. ते तसेच पायजम्यावर बाहेर धावले. समोरून मास्तर येत होते, हातात एक झगा घेऊन.

“कपाटात होता,” मास्तर म्हणाले. “हा टाका माझा आहे.”

कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. सातशे चौदाच्या बंद दाराआडून कुणीतरी गुणगुणत होतं. सातशे सोळाच्या दाराआडून दुसरं कुणीतरी त्याला साथ देत होतं. सूर अगदी जुळलेले, रोज भजनाला शेजारी बसणाऱ्या बायकांचे असावेत तसे. दोघांनी मिळून रामरक्षा सुरू केली, पण घाईत मधलीच एक ओळ दोनदा म्हटली गेली आणि पुढचं आठवेना.

मग तो सगळा दिवस दोघं डेकवरच्या एका बाकावर बसून राहिले. धुकं काही हटत नव्हतं. खुर्च्यांच्या रांगेत शेवटच्या दोन खुर्च्या अधूनमधून करकरत होत्या. भीतीनं अबोला मोडला होता, पण राग गेला नव्हता.

घड्याळजी म्हणत होते की मी त्यांना आणलं नाही रे, मी नुसतं लिहिलं. मास्तर म्हणाले, तू लिहीत गेलास म्हणून त्या होत गेल्या. एवढी वर्षं तू त्यांना जेवढं नीट जपलंस तेवढं मला जपलं असतंस तर आज मला जागा उरली असती. आता तुझ्या घरात त्या आहेत, माझं काय काम? उद्या बाराला जिना लागला की मी उतरतो.

हे ते इतक्या शांतपणे बोलले की घड्याळजींना त्या करकरणाऱ्या खुर्च्यांपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली. भूत परवडलं. भुताला निदान जायला सांगता येतं. निघालेल्या माणसाला थांब कसं म्हणायचं हे त्यांना कधी जमलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला मास्तर बॅग घेऊन जिन्याच्या दाराशी उभे राहिले. घड्याळजी काउंटरच्या रांगेत. त्यांच्या मागं हेडबाई, आणि त्यांच्या मागं पंधरावीस माणसं. नंबर आला तसे घड्याळजी सवयीनं ठिगळच काढून बसले. म्हणाले, आमच्या मिसेस आल्याच नाहीत, नावं काटा.

अधिकाऱ्यानं पडद्यावर पाहिलं. दोघींची कार्डं सकाळी सात चाळीसला न्याहारीला लागली होती. मग वाचनालयात. मग तिसऱ्या मजल्यावर नाचाच्या वर्गाला.

घड्याळजींनी खिसा चाचपला. कार्डं त्यांच्याच खिशात होती. घाम फुटला, आणि त्या घामात आणखी एक खोटं बाहेर पडलं. “वारल्या त्या.”

“केव्हा?” अधिकाऱ्यानं विचारलं. “न्याहारीनंतर?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दाराशी उभ्या माणसानं जिन्याची साखळी काढायला घेतली. मास्तरांनी बॅग उचलली. त्यांच्या कोटाची पाठ घड्याळजींना दिसली. डावा खांदा किंचित खाली, यंत्रावर वाकून वाकून झालेला. तो खांदा पाहिला आणि ते काउंटरकडे परत वळले.

“त्या नाहीतच,” ते म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “कधी नव्हत्या. मी रचल्या. जागा मिळावी म्हणून रचल्या, मग लोक काय म्हणतील म्हणून ठेवल्या. ज्याच्यासाठी हे केलं तो तिथं बॅग घेऊन उभा आहे. तो माझा भाऊ नाही. भाडेकरू नाही. एकतीस वर्षं आम्ही एका ताटात जेवतोय. तो माझं माणूस आहे. तो उतरला तर मलाही उतरवा, आणि गणतीत दोन कमी धरा.”

वरच्या मजल्यावरचं संगीत नेमकं तेव्हाच थांबलं. मग रांगेतून एक आवाज आला की झालं असेल तर जरा पुढं सरका, आमचा पंखा चालत नाहीये.

हेडबाईंनी नाक पुसलं. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही त्यांच्या ताटातलं न विचारता उचलून खाता, आणि ते ताट जरा तुमच्याकडे सरकवतात. मावसभाऊ असं करत नाहीत. माझे तर भांडतात.”

अधिकाऱ्यानं दोन कळा दाबल्या. सातशे चौदा, दोघांच्या नावावर, नातं जोडीदार. झालं, म्हणाला.

“एवढंच?” घड्याळजींनी विचारलं.

“एवढंच. तो रकाना पहिल्या दिवसापासून होता, काका.”

मास्तर केव्हा शेजारी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि घड्याळजींची कॉलर नीट केली. डोळे भरले होते, पण म्हणाले एवढंच, की चारचौघांत बोलायचं होतं तर निदान इस्त्रीचा सदरा घालायचा होतास.

घड्याळजींना तेवढ्यात आठवलं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “आणि... त्या दोघी? काढलीत ना नावं?”

“मी कशाला काढू? काल सकाळीच आल्या होत्या दोघी,” अधिकारी पडद्याकडे पाहत म्हणाला. “नवीन फॉर्म भरून दिला. ‘सोबत कोण’ मध्ये एकमेकींची नावं घातलीत. आज इथंच उतरतायत. माहितीपत्रकातलं हे गाव आवडलं म्हणाल्या, इथंच राहू.”

धुकं विरत होतं. जिना लागला होता आणि अजून कुणी उतरलं नव्हतं. दाराशी असलेलं कार्डाचं यंत्र एकदा वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. लोखंडी पायऱ्यांवर, वरून खाली, टाचांचा आवाज गेला. एक लांब टांगांचा, एक तुरुतुरु चालणारा.

“सावकाश गं, पायऱ्या ओल्या आहेत,” हेडबाई कठड्यावरून ओरडल्या आणि हात हलवू लागल्या.

घड्याळजींना पायऱ्या रिकाम्याच दिसत होत्या. तरी त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले. काही झालं तरी इतकी वर्षं त्या बायांनी त्यांचं घर राखलं होतं. मास्तरांनीही हात जोडले. खाली धक्क्यावर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात दोन सावल्या, एक लांब नि एक आखूड, हातात हात घालून, मागं वळून न बघता गावाकडे निघाल्या होत्या.