पनवेलचा सूर्यास्त कोणाला हवा?

सॅमसनकाकांची बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न येतो, "माणूस की यंत्र?" दूधवाल्याला, पोस्टमनला, मला, सगळ्यांना हाच. माझ्या बायकोने एकदा चिडून "यंत्र!" म्हटलं, तर अर्धा तास दार उघडलं नाही.

हे खूळ उगाच लागलेलं नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी फ्रीजशेजारी एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि पनवेल-उरणच्या वीसेक हौशी मंडळींना आपापले प्रोग्राम इंटरनेटवर ठेवायची फुकट सोय करून दिली. कोणाचं एसटीचं वेळापत्रक, कोणाची कर्नाळ्याच्या पक्ष्यांची यादी. दिवसाला दहा माणसं फिरकायची. आता एआयला शिकवायला मजकूर गोळा करणारी बड्या कंपन्यांची यंत्रं येतात. जगभरच्या घराघरांतले इंटरनेटचे पत्ते भाड्याने घ्यायचे, दर खेपेला नवा मुखवटा चढवायचा आणि तीच पक्ष्यांची यादी हजारदा मागायची! जगाला शहाणं करायला निघालेत म्हणे. काल नेलेलं आज लक्षात राहत नाही, निलाजरे लेकाचे!

काकाही कमी नाहीत. एकेक पत्ता वहीत उतरवून हाताने बंद करतात.

"आज चारशे हाकलले!"

"काका, आले लाखभर."

"त्यांना उद्या बघतो."

मी कॉम्प्युटरच्याच धंद्यातला. असला अडाणीपणा मला बघवत नाही.

गेल्या शुक्रवारी कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. निम्मी मंडळी कंटाळून आधीच दुसरीकडे गेली होती. मी खुर्ची ओढली. "भारताबाहेरचे सगळे पत्ते बंद करतो. पाच मिनिटांचं काम."

"इस्राएल सोडून."

"अहो, तिथूनच तर झुंडी येतायत!"

"येऊ देत."

मग काकांनी हळूहळू सांगितलं. धाकटा भाऊ एझ्रा तिकडे गेला तो भांडून. पुन्हा बोलणं नाही. त्याआधी दोघांनी मिळून एक प्रोग्राम लिहिला होता, शुक्रवारी सूर्यास्ताआधी त्यांच्या ज्यू घरांत लागणारा शब्बाथचा दिवा कुठल्या गावात किती वाजता लावायचा ते सांगणारा. तो इथेच ठेवलाय. आणि कित्येक वर्षं दर शुक्रवारी, तिकडे संध्याकाळ व्हायच्या सुमाराला, तिकडून कोणीतरी येऊन पनवेलची वेळ बघून जातं.

"तिकडे राहून पनवेलचा सूर्यास्त कोणाला हवा रे?"

'यंत्र असेल' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. गिळले. स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली.

इस्राएल उघडं ठेवून बाकी सगळं बंद केलं. तरी कॉम्प्युटर पडतच होता आणि काका तो पुन्हा पुन्हा चालू करत होते. मग दिव्याची वेळ झाली. त्यांनी डोक्यावर टोपी घातली, दिवा लावला. दिवा लागला की शब्बाथची विश्रांती सुरू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत.

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. काका नुसते त्याच्याकडे बघत बसले. तिकडे अजून दुपारच होती.

मी बायकोला फोन केला, "जेवायला थांबू नकोस," आणि उठून बटण दाबलं.