दातारकाकांच्या चुकलेल्या तारखा

दातारकाका माणसाला नमस्कार करत नाहीत, तारीख विचारतात. सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन मी जिन्याशी आलो की तळमजल्याचं दार उघडतं आणि आवाज येतो, "मोहिते, आज काय आहे?"

"मंगळवार," मी म्हणतो.

"मंगळवार काय, दर आठवड्याला येतो हो! आज बर्लिनची भिंत पडली!"

चेहरा असा, की भिंत आत्ताच आमच्या पार्किंगमध्ये पडलीय आणि मी खुशाल दूध आणत फिरतोय.

काका मूळचे सांगलीचे. विमा कंपनीत जन्म गेला, शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच, शहराच्या मानसरोवर भागात राहिले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मी बँकेतला, बदलीवर आलेला, त्यातून कोल्हापूरचा. म्हणजे सांगलीकरानं उपदेश करायला अगदी हक्काचा माणूस.

विम्याच्या माणसाला तारखांचं वेड असणारच. जन्मतारीख, हप्त्याची तारीख, मुदत संपल्याची तारीख. पण काका त्याच्याही पुढं गेले. त्यांच्याकडे तीनशे सहासष्ट पानांची एक जाडजूड वही आहे. एका दिवसाला एक पान. एकोणतीस फेब्रुवारीचं पानसुद्धा गच्च भरलेलं. "दिवस रिकामा नसतो हो, आपण रिकामे असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीच्या गेटवर त्यांनी स्वखर्चानं एक फळा लावून घेतलाय आणि त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहितात, आधी मराठीत, मग हिंदीत. मराठी वाचणारी घरं आमची दोनच. पण "मातृभाषेला रांगेत मागं उभं करायचं नाही" असा त्यांचा बाणा.

या ज्ञानाचा त्रास सगळ्यांना सारखाच वाटून मिळालेला आहे. माझ्या मुलीचा, ईराचा, वाढदिवस पंधरा एप्रिलला. केकवर सुरी टेकली आणि काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आजच्याच दिवशी ते जगप्रसिद्ध जहाज हिमनगावर आपटून बुडालं." सुरी तिथंच थांबली. "मतलब बाबा, माझा बर्थडे खराब आहे?" ईरानं रडवेल्या आवाजात विचारलं. काका हळहळले. म्हणाले, "नाही गं बाळा. पण एकच दिवस थांबली असतीस, तर बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे तुझ्या पदरात पडली असती!"

वरच्या मजल्यावरच्या शर्माजींनी सहा ऑगस्टला गृहप्रवेश ठरवला, तेव्हा काका स्वतः जिना चढून गेले आणि त्या दिवशी हिरोशिमावर काय पडलं ते सविस्तर सांगून आले. शर्माजींनी घाबरून दिवस बदलला. पंडितजी भडकले, "ये कौन से पंचांग में लिखा है?" तेव्हापासून आमच्या सोसायटीत मुहूर्त पंडितजी काढतात आणि काका त्याला मंजुरी देतात.

दर तीन जूनला, मेट्रो सुरू झाली त्या दिवशी, काका मानसरोवर स्टेशनवर पेढे घेऊन जातात. पहिल्या वर्षी तिथल्या तपासणीच्या जवानानं आधी त्यांनाच एक पेढा खायला लावला. काका मधुमेही. तरी इतिहासासाठी त्यांनी तो खाल्ला.

असा हा माणूस गेल्या वर्षी चुकायला लागला.

दहा ऑगस्टला फळ्यावर आलं, 'आज क्रांतिदिन'. मला वाटलं, नजरचूक. सहा सप्टेंबरला 'आज शिक्षकदिन' आलं, तेव्हा स्कूल बसची वाट बघणारी पोरं खो खो हसली. आणि सतरा नोव्हेंबरला काकांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आज जयपूर शहराचा वाढदिवस'. गेटवरचे रखवालदार रामस्वरूपजी खडू घेऊन माझ्याकडे धावत आले. "साहब, जयपुर तो अठारह का है सा! अंकलजी नै कांई होग्यो?" काकांना झालंय तरी काय, असं ते त्यांच्या मारवाडीत विचारत होते.

काका एकटे राहतात, वय पंच्याहत्तरीला टेकलेलं. मी तडक त्यांचं दार वाजवलं.

"काका, सतरा नाही, अठरा."

"माहितेय," काका शांतपणे म्हणाले. "बसा."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. सलील, त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळूरला असतो एवढंच मला माहीत होतं. रोज सकाळी काका त्याला दिनविशेष पाठवत होते. मी बोटानं वर वर सरकत गेलो. महिनेच्या महिने काकांचेच निरोप. खाली दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलंय. उत्तर जवळजवळ कुठंच नाही.

"त्यानं कोर्टात लग्न केलं," काका म्हणाले. "मुलगी चांगली आहे, काव्या नाव. तक्रार तिच्याबद्दल नव्हतीच. अहो, अख्ख्या सोसायटीला मी तारखा काढून देतो आणि पोटच्या पोरानं मला तारीख विचारली नाही! फोनवर म्हणालो, ही तारीख माझ्या वहीत येणार नाही. त्यावर त्यानं फोन ठेवला तो ठेवलाच."

"आणि या चुका?"

काकांनी फोनवर वीस जुलैचा निरोप उघडला. 'आज माणूस चंद्रावर उतरला.' त्याखाली चार मिनिटांत उत्तर होतं, 'बाबा, चूक. आपल्याकडे तेव्हा २१ उजाडली होती. तुम्हीच शिकवलंत.'

"ती चूक मात्र खरी होती हो. चष्मा डोक्यावर राहिला आणि पान चुकलं." काकांचा चेहरा खुलला. "लहानपणी वही आम्ही दोघं मिळून भरायचो. चुकीची तारीख त्याला सहनच होत नाही. मी बरोबर लिहिलं तर गप्प बसतो. चुकलो की बोलतो. मग म्हटलं, चुकू या. पण त्याला एक आणि फळ्यावर दुसरं लिहायचं, हे माझ्या हातून होईना. लबाडी करायची तर ती तरी प्रामाणिकपणे करावी."

तेवढ्यात फोन वाजला. सकाळच्या निरोपाला अपेक्षेप्रमाणे 'बाबा, चूक. १८' आलं होतं, पण त्याखाली आणखी एक ओळ होती. 'हल्ली फार चुकताय. आम्ही दोघं रविवारी येतोय. डॉक्टरांना दाखवू.'

काका आनंदानं उठले आणि दुसऱ्याच क्षणी मटकन खाली बसले. "मोहिते, घोटाळा झाला! मी ठणठणीत आहे हे कळलं, तर तो लगेच परत जाईल."

रविवारी मला त्यांनी आधारासाठी बोलावून बसवलं. सलील आणि काव्या आले. सलील वडिलांसारखाच, कपाळाला आठ्या आणि हातात फाइल. चहा झाल्याबरोबर त्यानं तपासणी सुरू केली.

"बाबा, फोन न बघता सांगा, आज तारीख काय?"

काकांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. "बावीस... का पंचवीस? सप्टेंबर असेल."

इतका वाईट अभिनय मी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकातही पाहिलेला नाही. पण सलीलचा चेहरा पांढरा पडला. "आपली पहिली रेल्वे कधी धावली?" काकांनी मान हलवली. हा प्रश्न सोडून देताना त्यांना किती यातना झाल्या, ते मी शेजारी बसून बघत होतो.

मग काव्या पुढं सरकली. त्यांच्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, हमारी शादी कब हुई थी, वो तो आपको पता भी नहीं होगा ना?"

"पता कसं नहीं?" काका उसळून म्हणाले. "आठ डिसेंबर, शुक्रवार! साडेअकराला सह्या झाल्या. मला चार वाजता कळलं. तू हिरवी साडी नेसली होतीस. आणि याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, फोटोत दिसतंय, तेवढंसुद्धा कुणी लावून दिलं नाही त्याला..."

बोलता बोलता ते थांबले. आपण पकडले गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं. सलीलनं फाइल मिटली.

"बाबा, तुम्ही मुद्दाम चुकत होतात?"

काका खाली मान घालून टेबलावरचे चिवड्याचे दाणे गोळा करत राहिले.

"अहो, मग सरळ एक फोन करायचा ना!"

"आणि तू उचलला नसतास तर?" काका म्हणाले.

सलीलनं खुर्ची ओढली आणि वडिलांना अगदी खेटून बसला.