हाडांचे वय

मुंगीचे वय आठ वर्षे दोन महिने होते, आणि मंजुरी कक्षात अर्ज जाईपर्यंत त्याबद्दल कुणाचाही वाद नव्हता.

जन्मली तेव्हा ती अगदीच एवढीशी होती, म्हणून मुंगी. पुढे मात्र अंग भराभर भरले आणि आठव्या वर्षीच वयात येण्याच्या खुणा दिसू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी आईला सरळ सांगितले, "इन्सुलिन भरपूर आहे, पण हिचं शरीर त्याला दाद देत नाही, त्यानेही मुली लवकर वयात येतात. दाद द्यायला लावणारी गोळी आहे. अशा काही मुलींची पहिली पाळी या गोळीने लांबलेली दिसलीय. हमी देत नाही. पण द्यायची तर पाळी येण्याआधी."

गोळी होती मधुमेहाची आणि मुंगीला मधुमेह नव्हता. त्यामुळे सरकारी मंजुरी कक्षाची परवानगी लागणार होती. आईने अर्ज भरला, सोबत मनगटाचा एक्स-रे जोडला. खिडकीतल्या कारकुनाने अहवाल वाचला. हाडांचे वय, अकरा वर्षे.

"अर्जात आठ का लिहिलंय?"

"अकरा हाडांचं आहे, दादा. मुलगी आठची."

"ताई, मुलगी काय हाडं घरी ठेवून येते?"

"जन्मदाखला जोडलाय ना."

"तो माणसाने लिहिलेला. हे यंत्राने काढलंय."

महिन्याने उत्तर आले. 'बालिकेचे वय अकरा असल्याचे अर्जदारानेच सादर केलेल्या पुराव्यावरून सिद्ध होते. अकराव्या वर्षी वयात येणे ही सामान्य बाब आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"हाडं पुढे गेलीत, हाच तर आजार आहे," डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला आणि फेरविचारासाठी पत्र दिले. कक्षाने नवा एक्स-रे मागवला. त्यात साडेअकरा निघाले.

"बघा," कारकून समजुतीने म्हणाला, "खोटं असतं तर वाढलं असतं का?"

उत्तराची प्रत शाळेलाही गेली होती. शाळा नियमाला पक्की. अकरा वर्षांची मुलगी तिसरीत बसवणे नियमबाह्य असल्याने मुंगीला सहावीत बसवण्यात आले.

"आई," त्या संध्याकाळी तिने विचारले, "माझा नववा, दहावा आणि अकरावा वाढदिवस कधी झाला?"

आईने तिची वेणी पुरी घातली. दुसऱ्या दिवशी तिने अपील केले.

अपिलाला आणखी चार महिने लागले. अखेर अपील समितीच्या अध्यक्षांनी जन्मदाखला उजेडात धरून पाहिला आणि मोठ्या मनाने मुंगीचे वय पूर्ववत केले. गोळीही मंजूर झाली. फक्त एक रकाना उरला होता. 'पाळी सुरू झाली आहे काय?'

"परवाच झाली," आई म्हणाली.

अध्यक्षांनी हळहळून मान हलवली. "मग आता गोळीचा काय उपयोग? थोडं आधी यायचं होतं, बाई." प्रकरणावर शेरा पडला. 'तक्रारीचे पूर्ण निवारण.'

बाहेर जिन्याच्या पायरीवर मुंगी पोट धरून रडत बसली होती. रांगेतल्या माणसांना वाट काढावी लागत होती. त्यांतल्या कुणीही एक्स-रे पाहिला नव्हता, परिपत्रक वाचले नव्हते, मंजुरी कक्षात नोकरी केली नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच साधी, मायाळू माणसे ती. त्यांतली एक बाई थबकली, मुंगीला तिने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि प्रेमाने म्हणाली, "अगं, एवढी मोठी मुलगी आणि रडते?"