एकसष्टाव्या पानावरची भुरी

"मॅडम, माझ्या टेबलावर पुस्तकाबाहेरचं काही चालत नाही. एक शब्द जरी निघाला ना माझ्या तोंडून, तर त्या दिवसापासून स्वतःला गेम मास्टर म्हणवून घेणं सोडून देईन!" महेशनं हे छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा रविवारचे दुपारचे दोन वाजले होते. माणसानं दोन वाजता असलं काही बोलू नये. संध्याकाळ व्हायला अजून लय वेळ असतो.

ऐकणाऱ्या योगिनी मॅडम मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. डिसेंबरात पुण्यात या खेळाचा मोठा मेळावा भरणार होता, त्यात पहिल्यांदाच एक टेबल अख्खं मराठीत चालणार होतं, आणि त्या टेबलावर कुणाला बसवायचं ते मॅडम ठरवणार होत्या. महेशला ते टेबल हवं होतं. बायकोच्या, म्हणजे उज्वलाच्या, शब्दांत सांगायचं तर लग्नाच्या वेळी त्याला नवरी जितकी हवी होती त्याहून जास्त.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार मोठी, संसारी माणसं टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी वैद्य. आणि एकजण पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसून त्यांना गोष्टीतून फिरवतो: दार कुठलं, दारामागे कोण दबा धरून बसलंय, कुणाचा वार लागला. काही त्याच्या हातात, काही वीस बाजूंच्या फाशाच्या हातात. हा पडद्याआडचा म्हणजे गेम मास्टर. काहीजण गोष्ट आयत्या वेळी मनानं रचतात. महेश त्यांना 'अंदाजपंचेवाले' म्हणायचा. तो स्वतः नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. ड्रॉइंगमध्ये जे माप, तेच माप.

त्यामुळे छापील साहसांची पुस्तकं म्हणजे त्याचा जीव की प्राण. "अगं, बघ तरी," तो उज्वलाला म्हणायचा, "सातासमुद्रापलीकडे कुणीतरी बसून या राक्षसाचा किती विचार केलाय! राहतो कुठं, खातो काय, कशाला भितो, जखमी झाला की कुठल्या दारानं पळतो. इतकं मला माझ्या सख्ख्या भावाबद्दल माहीत नाही!"

असं एक पुस्तक त्यानं आठ महिने जेवणाच्या सुट्टीत खपून मराठीत आणलं होतं. एकशे वीस पानं. पहिली साठ सुट्या कागदांवरून खेळून झाली होती. आज एकसष्टावं पान, आणि त्यावर विहिरीच्या तळाशी राहणारी राणी, जी बुडालेल्या माणसांच्या आवाजात हाका मारते. तिच्या वर्णनाच्या एका परिच्छेदासाठी त्यानं तीन शनिवार घालवले होते. मॅडम येणार म्हणून त्यानं सिडकोतल्या छायाताईंच्या झेरॉक्सच्या दुकानातून सगळं पुस्तक नव्यानं छापून, स्पायरल बांधून आणलं. पहिली दहा पानं उजेडात धरून तपासली, समास पट्टीनं मोजला आणि खूश होऊन पुस्तक पिशवीत टाकलं. दिवसाला चारशे नग तपासणारा माणूस, पण स्वतःच्या पुस्तकाची त्यानं दहाच पानं पाहिली.

तर दोन वाजता सगळ्यांचे मोबाईल रिवाजाप्रमाणे स्टीलच्या डब्यात गेले, झाकण लागलं आणि खेळ सुरू झाला. उज्वला चोर. दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार रविराज योद्धा. तो दर रविवारी मोटारसायकलवर यायचा आणि फासा टाकण्याआधी तो कपाळाला लावायचा. योगिनी मॅडम पाहुण्या म्हणून वैद्य झाल्या.

महेशनं घसा खाकरला. साठाव्या पानाच्या शेवटच्या ओळी त्यानं असा काही आवाज लावून वाचल्या की रविराजनं खुर्ची पुढे ओढली. "विहिरीच्या तळाशी दगडी दार आहे. दार करकरत उघडतं, आणि आत..." महेशनं थाटात पान उलटलं. "...पानांच्या दोन्ही बाजूंवर पांढरट, राखेसारखी भुकटी पसरलेली दिसते. कोवळे मणी तडकतात आणि आतलं बी उघडं पडतं. हीच... भुरी."

'भुरी' म्हणताना त्याला दरदरून घाम फुटला. पडद्याआड त्यानं पानं भराभर चाळली. एकसष्ट: भुरी. बासष्ट: उडद्या. त्रेसष्ट: केवडा. सगळे द्राक्षवेलीचे रोग आणि किडी. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'द्राक्ष सल्ला, वाल्मीकअण्णा'. काल दुकानात छपाई चालू असताना लाईट गेली होती, हे त्याला आता आठवलं. दोन गठ्ठे, दोन्ही मराठी, दोन्ही सारख्याच आकाराचे. राणी दुसऱ्याच्या घरी गेली होती आणि दुसऱ्याची भुरी त्याच्या दारात उभी होती.

"कसले मणी हो?" उज्वलानं विचारलं.

"गळ्यातले."

"गळ्यातल्या मण्यांना बी असतं?"

"ह्या मण्यांना असतं," महेश म्हणाला. "मधे बोलू नकोस, मॅडम ऐकतायत."

आता तुम्ही म्हणाल, राणी त्याला तोंडपाठ होती, मग खुशाल पाठ म्हणायचं. पण भुरी तोंडातून बाहेर पडून चुकली होती. ती परत घ्यायची तर चूक कबूल करायची, आणि तीसुद्धा अर्ध्या तासापूर्वी एवढी फुशारकी मारल्यावर! योगिनी मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. महेशनं मनातल्या मनात काळारामाला नारळ कबूल केला आणि पुढचं वाक्य वाचलं.

रविराजचा चेहरा मात्र बदलला होता. "महेशभाऊ," तो हळूच म्हणाला, "ही भुरी मला वळखीची वाटती."

झालं! महेशनं डोळे मिटले.

"गेल्या साली हिनं माझा दीड एकर खाल्ला," रविराज म्हणाला आणि फासा मुठीत आवळला. "तवा काय करता आलं नाय. आज सापडली. आज सोडत नाय हिला!"

"सोडू नका," महेश कसाबसा म्हणाला.

"माझ्या पोतडीत गंधक हाय का?"

महेशनं पान पाहिलं. 'नियंत्रण' या मथळ्याखाली चक्क गंधक. "आहे!" तो इतक्या आनंदानं ओरडला की उज्वला दचकली.

तिथून पुढे त्याला नाही म्हटलं तरी गंमत वाटायला लागली. हा वाल्मीकअण्णा कोण कुठला, पण माणूस कामाचा होता. भुरी कुठल्या हवेत येते, कुठं आधी बसते, कशाला भिते, सगळं रीतसर लिहिलेलं. पण पुस्तकाबाहेर जायचं नाही म्हटल्यावर सूचनाही पाळाव्या लागल्या. मॅडमचा वैद्य पुढे झाला, तर 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं उभं राहू नये' असं निघालं. फासा टाकला. दोन पडले. पाहुणी तीन दिवस खोकत बसली, आणि महेशला वाटलं, गेलं आपलं पुण्याचं टेबल. रविराजनं वार उगारला, तर सूचना निघाली, काढणीआधी पन्नास दिवस फवारणी बंद.

"पन्नास दिवस?" उज्वला किंचाळली. "विहिरीत?"

"वहिनी, नियम म्हंजी नियम," रविराज गंभीरपणे म्हणाला. "थांबू आपण. पर कच्चा माल नासवायचा नाय."

थांबले बिचारे. विहिरीच्या तळाशी पन्नास दिवस मुक्काम पडला. पण मुक्कामावर रात्री उडद्या आले, कारण पान बासष्ट.

महेशनं वाचलं, "ते दिवसा सैल सालीखाली लपतात. रात्री बाहेर पडून फुगलेले डोळे पोखरून खातात. आणि हात लावला की मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतात."

वेलीच्या कोंबांना बागायतदार डोळे म्हणतात, हे मॅडमना कोण सांगणार! योगिनी मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "डोळे?" त्या म्हणाल्या. "आई गं. हे फारच भयंकर आहे."

"मी एक मारला!" उज्वला म्हणाली. "पडला बघा खाली."

"मेला नाय तो, वहिनी! सोंग हाय सोंग! रगडा त्याला!" रविराज खुर्चीवरून उठलाच. त्यानं उडद्यांना सालीतून एकेक करून बाहेर काढायला लावलं, वारा कुठून येतो ते महेशला तीनदा विचारलं, मॅडमच्या वैद्याला तोंडाला फडकं बांधायला लावलं. पन्नास दिवस भरले. त्यानं फासा कपाळाला लावला आणि टाकला. वीस!

"दीड एकर!" रविराज ओरडला. "दीड एकराचं फेडलं रे!" आणि एवढा दांडगा गडी, बघता बघता त्याचे डोळे भरून आले. "महेशभाऊ, खरं सांगतो, माझ्यासाठी असं आजपर्यंत कुणी लिवलं नव्हतं."

महेशला खरं सांगायचा धीर होईना आणि खोटं रेटायची लाज वाटत होती. तेवढ्यात स्टीलचा डबा ढोलासारखा वाजायला लागला. एकदा थांबला, परत वाजला. चौथ्यांदा वाजल्यावर उज्वलानं झाकण काढलं. "तुमचाच आहे. नंबर नवीन दिसतोय," म्हणत तिनं स्पीकर लावला.

"महेश साहेब का? मी वाल्मीक बोलतोय, द्राक्षवाला! छायाताईंनी नंबर दिला. अहो, तुमचं पुस्तक माझ्यात आलंय अन् माझं तुमच्यात गेलंय!"

पुठ्ठ्याचा पडदा एवढा लहान असतो, हे महेशला त्या दिवशी कळलं. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. उज्वला बघत होती. रविराजनं हात लांबवून पुस्तक ओढलं आणि एकसष्टावं पान पाहिलं. मॅडमनी वाकून केवड्यापर्यंतची पानं चाळली.

"मी हितं पिंपळगावच्या अंगाला मेळावा घेतोय," अण्णांचा आवाज खणखणीत होता. "दीडशे शेतकरी बसल्यात. साठ पानं छाटणीची वाचली, निम्मे पेंगले. एकसष्टावर आलो तं, 'तिचे केस पाण्यात मोकळे सुटलेत, अन् ती बुडालेल्या माणसाच्या आवाजात हाक मारती!' म्हटलं नवा रोग दिसतोय, वाचू पुढं."

"मग थांबला नाहीत?" महेशनं विचारलं.

"थांबू कसा? लोक थांबू देईनात! नाथामामा म्हणतो, ही बाई आमच्या विहिरीत हाय, मी पाह्यलीय. एक जण विचारतो, हिला किती लिटरला किती टाकायचं? मी काय सांगू?"

खरं तर आता महेशनं म्हणायचं होतं, अण्णा, पुस्तक परत पाठवा. मॅडमची माफी मागायची होती. पण माणसाचं मन बघा. आठ महिने खपून लिहिलेलं पहिल्यांदाच कुणी परक्यानं वाचलं होतं, आणि तेही दीडशे माणसांपुढे. त्यानं विचारलं, "अण्णा, तो केसांचा परिच्छेद... तो कसा वाटला लोकांना?"

"काटा आला, साहेब! चहा आला तरी कुणी उठलं नाय. पर घोटाळा असा झालाय, शेवटची चार पानं गायब हायेत. ती राणी विहिरीच्या तोंडाशी आली अन् पुस्तक संपलं. लोक म्हणत्यात, पुढचं सांगा, मग घरी जातो. फोन माईकला लावलाय. सांगा तुम्ही."

योगिनी मॅडमनी वही मिटली. "महेशजी, माझी बस साडेपाचची आहे. मला निर्णय सांगून निघायला हवं."

उज्वलानं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला. आधी मॅडम, असा त्याचा अर्थ होता. आठ वर्षांच्या संसारात एवढं त्यालाही कळत होतं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि हात जोडले.

"मॅडम, निर्णय काय असेल ते मला समजलंय. मोठ्या तोंडानं बोललो आणि अडीच तास द्राक्षाच्या रोगावर खेळ चालवला. टेबल दुसऱ्याला द्या, माझी तक्रार नाही. पण तिकडे दीडशे माणसं विहिरीच्या काठावर उभी आहेत. त्यांना तसं सोडून मी आणखी काही ऐकू शकत नाही."

आणि तो उभा राहिला. पुस्तक नाही, पान नाही, पडदासुद्धा बाजूला सारला. शेवटची चार पानं त्यानं दीडशे माणसांना तोंडपाठ सांगितली. राणी वर आली, तिनं तीन हाका मारल्या, गावातल्या एकानंच तिला तिच्या माहेरच्या नावानं ओ दिली आणि ती शांत होऊन पाण्यात परत गेली. पुस्तकात होतं तसंच, कानामात्रेचाही फरक नाही. मधे फोनमधून कुणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू आली आणि लगेच दहाजणांनी त्याला गप्प केलेलं ऐकू आलं. संपलं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की स्पीकर फाटला. महेशला आपण केवढे मोठे आहोत असं वाटलं, आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटली नाही.

पावणेसहा वाजले होते. मॅडमची बस गेली होती.

"हे साहस मी पुण्यात चार वेळा चालवलंय," योगिनी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एकसष्टाव्या पानावर राणी असते, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल."

महेश मटकन खाली बसला. "म्हणजे... तुम्हाला पहिल्याच वाक्याला कळलं होतं?"

"भुकटी म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत, मॅडम? मी अडीच तास इथे जळत होतो!"

"मला बघायचं होतं, गंधक चालतं का नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. त्यात नागपूर, कोल्हापूर आणि आणखी नऊ गावांवर काट मारलेली होती. नाशिकवर गोल होता, आणि शेजारी 'पन्नास दिवस!' असं लिहिलेलं होतं, म्हणजे तो विहिरीतल्या मुक्कामाच्या वेळीच काढलेला होता. "पुस्तकाप्रमाणे खेळवणारे मला अकराजण भेटले. कुठलंही पुस्तक हातात द्या, त्याच्याशी इमानानं वागणारा एकच भेटला. डिसेंबरात या. आणि पुस्तक हेच आणा, असंच बांधलेलं. मला केवडा खेळायचाय."

महेश वहीतल्या गोलावरून बोट फिरवत राहिला. रविराजनं मात्र पुस्तक छातीशी धरलं होतं. "पर भुरी मारली आता," तो म्हणाला. "पुण्याच्या लोकांसाठी ती परत जिवंत करायची नाय हां!"

"अहो साहेब," फोनमधून अण्णांचा आवाज आला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की तो अजून चालूच आहे आणि अजून माईकवरच आहे. "हितं समद्यांनी ऐकलंय. लोक विचारत्यात, पुण्याला निघायचं कधी? दोन गाड्या करतोय."