सहा एमएमचा पेडलबोर्ड

रविराजच्या डोक्यात राग शिरला तो निगडीच्या एका लॉन्सवर, आणि मग तो उतरायचं नाव घेईना. हळदीचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता. गिटारचा तुकडा आला म्हणून त्याने पाय दाबला, आणि पायाखालची प्लायवूडची फळी काडकन मोडली. गिटारचा आवाज बदलणारी त्याची चार पेडलं त्या फळीवर बसवलेली असत. त्यातलं एक उडून नवरदेवाच्या मावशीच्या पायाशी पडलं, आणि स्पीकरमधून असा काही आवाज निघाला की दोन लहान पोरं रडायला लागली.

ऑर्केस्ट्राचा मालक कुलदीप शांत माणूस. तो शांतपणेच म्हणाला, "राव, शनिवारी चाकणच्या कंपनीचा कार्यक्रम आहे. परत असं झालं तर तुझा तुकडा विक्की कीबोर्डवर वाजवेल. गिटारचा आवाज आहे त्याच्यात."

कीबोर्डातली गिटार म्हणजे रविराजच्या लेखी पावडरचं दूध. सहा वर्षं बोटं झिजवून मिळवलेली जागा एका बटणाला जाणार, या विचारानेच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय वाट्टेल ते झालं तरी मजबूत बोर्ड घ्यायचाच, असं त्याने ठरवलं. वाकडच्या दुकानातला एक अॅल्युमिनिअमचा बोर्ड मोबाइलवर पसंत केला. इथपर्यंत ठीक होतं. पण त्याचा फोटो त्याने घरात दाखवला, आणि तिथेच माती खाल्ली.

त्याचे वडील उद्धवराव लातूरकडून येऊन चिखलीत स्थायिक झालेले, तीस वर्षं कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये पत्रे दाबण्यात काढलेले. विकत आणलेली कुठलीच वस्तू टिकाऊ असते यावर त्यांचा विश्वास नव्हता. घरातला पाट लोखंडी, मांडणी लोखंडी, रविराजच्या आईचा, चतुराबाईंचा देव्हारासुद्धा अँगल मारून वेल्डिंग केलेला. पोराच्या गिटारबद्दल त्यांनी सहा वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. टिकाऊपणाचा विषय निघाला तसे ते चष्मा लावून उठले आणि मी पण येतो म्हणाले.

दुकानात त्यांनी खिशातून जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं, बोर्डाच्या कडेला लावलं आणि "दीड एमएम!" असं म्हणून दुकानदाराकडे भेसळवाल्याकडे पाहावं तसं पाहिलं. दुकानदार सांगत होता की काका, हा खूप मजबूत आहे. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उद्धवरावांनी चपला काढल्या आणि ते बोर्डावर उभे राहिले. बोर्ड वाकला. दुकानदाराने दोघांना पुन्हा दुकानाची पायरी चढू नका असं सांगितलं, आणि रविराजने गाडी रागारागाने चिखलीपर्यंत पळवली. मागे बसलेले उद्धवराव मात्र समाधानाने सांगत होते की बघ, फसणार होतास.

मग बोर्ड बनला तो अर्जुनरावांच्या शेडमध्ये. अर्जुनराव हे उद्धवरावांचे कंपनीतले जुने सोबती, आता स्वतःचं फॅब्रिकेशन असलेले. सहा एमएमची प्लेट, खालून अँगल, वर मशीनला मारतात तो हिरवा रंग. बुधवारी दोघा माणसांनी तो उचलून टेबलावर ठेवला तेव्हा टेबल कुरकुरलं. वजन अडतीस किलो.

"अण्णा, मी गिटार वाजवतो," रविराज दात-ओठ खात वडिलांना म्हणाला. "क्रेन नाही चालवत."

"हलकं पायजे का टिकाऊ, ते आधी ठरव."

त्याला बोर्ड उचलून फेकून द्यावासा वाटला, पण तेही एकट्याच्याने होण्यासारखं नव्हतं. दुकानाचा रस्ता बंद, शनिवार तोंडावर. झक मारत त्याने चारही पेडलं फिटिंगसाठी शेडवर देऊन टाकली.

शुक्रवारी दुपारी तो शेडवर पोचला तेव्हा उद्धवराव उकिडवे बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. बोर्ड जमिनीवर होता. त्यावरच्या एका पेडलचं बटण पोटात गेलं होतं, दुसऱ्याचं झाकण उघडून तारा बाहेर आल्या होत्या, आणि उरलेल्या दोन पेडलांचे तुकडे अर्जुनराव झाडूने गोळा करत होते.

"ड्रॉप टेस्ट घेतली," उद्धवराव उजळ चेहऱ्याने म्हणाले. "एक मीटरवरनं, तीनदा. बोर्डाला वरखडा न्हाई बघ."

"पेडलं वर असताना?"

"लोडसकटच टाकावं लागतंय. रिकामा टाकला तर ती टेस्ट खोटी असती."

त्यांनी कागद पुढे केला. खाली दोन सह्या होत्या. बोर्ड पास. तडे निरंक. आणि शेऱ्यात लिहिलं होतं की वरचा माल आपल्या कामात येत नाही. रविराज तो कागद हातात धरून जे बोलला ते शेजारच्या तिन्ही शेडमध्ये ऐकू गेलं. सहा वर्षं विचारलं नाहीत तेच बरं होतं, असंही तो बोलला. उद्धवराव चष्मा काढून पुसत बसले.

फोन केल्यावर कुलदीप आला. त्याने पेडलं पाहिली, उसासा टाकला, आणि उद्या गिटार नाही, विक्की वाजवेल, असं सांगून टाकलं. रविराजचा चेहरा पडला. मग कुलदीपने बोर्डावर पाय दिला. उडी मारली. दोनदा मारली. विक्कीचा स्टँड प्रत्येक कार्यक्रमात लटपटतो, असं पुटपुटत तो उद्धवरावांकडे वळला आणि उद्यापर्यंत कीबोर्डचा स्टँड होईल का, असं विचारलं.

"होतंय की. पण टेस्ट करावी लागंल."

"रिकाम्याची करा, काका," कुलदीप घाईने म्हणाला.

शनिवारी चाकणच्या त्या कंपनीच्या गेटवर टेम्पो थांबला. स्टँड भरला पंचावन्न किलो, दोन माणसांशिवाय हलेना, आणि कुलदीपकडे मोकळा असा एकच माणूस होता. एका टोकाला उद्धवराव, दुसऱ्या टोकाला धुमसणारा रविराज. कालपासून त्याने बापाकडे पाहिलं नव्हतं. आत गेल्यावर सगळ्यांसमोर सुनवायचं असं एक वाक्य त्याने वाटभर घोटून ठेवलं होतं.

वॉचमनच्या हातात दोन रंगांचे पास होते. त्याने दोघांकडे आणि स्टँडकडे पाहून विचारलं, "कलाकार कोण आन् लेबर कोण?"

उद्धवरावांना क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"ह्यो कलाकार हाय," ते म्हणाले. "गिटार वाजवतो. मी लेबर."

रविराजने कालपासून पहिल्यांदाच बापाकडे पाहिलं, आणि घोटलेलं वाक्य सोडून दिलं. वॉचमनने कलाकाराचा पास त्याच्या गळ्यात अडकवला, आणि कलाकाराने आपल्याकडचं टोक नीट धरून विक्कीच्या कीबोर्डचा स्टँड स्टेजवर नेऊन ठेवला.