राजाचा पलंग आणि सिस्टरचे हात

"एका दिवसात तीन महाल! आणि चारच्या ठोक्याला आपण सिंहासनासमोर!" असं आप्पांनी शेजारपाजाऱ्यांना पंधरा दिवस ऐकवलं होतं.

तीस वर्षं बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखलेला माणूस! राजधानीची सहलही त्यांनी तशीच आखली. सकाळी उन्हाळी महाल, दुपारी एक ते तीन जुना महाल आणि चार वाजता समोरचाच दरबार महाल. हा दरबार महाल वर्षातून एकच दिवस उघडायचा, तोही पाचपर्यंत. गेल्या वर्षी ऐन त्या दिवशी आप्पांची दाढ सुजली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची गाडी चुकली, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आणि उद्यापासून दरबार दुरुस्तीसाठी दहा वर्षं बंद! आप्पा एकोणसत्तर वर्षांचे. सिंहासन बघायचं तर आजच.

वेळापत्रकात सगळं होतं, फक्त बायकोचा विचार करायचा राहिला होता. आप्पांची बायको सरकारी इस्पितळात वॉर्डची सिस्टर होती. निवृत्त झाली, तरी आप्पांसकट सगळे तिला सिस्टरच म्हणत. चाळीस खाटांचा वॉर्ड सकाळी सातच्या आत टापटीप करणारी बाई ती!

जुन्या महालात गाईड शयनगृहापाशी थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शत्रू वेशीवर आला, तेव्हा महाराज पहाटे याच पलंगावरून उठून निघून गेले. तेव्हापासून या चादरीची एक सुरकुतीही हललेली नाही!"

सगळे गहिवरून पुढच्या दालनात गेले. आप्पांनी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. झकास! मग मागे वळून बघितलं.

सिस्टर पलंगाभोवतीच्या दोरीच्या पलीकडे होती. पलंगावरची चादर ताठ ताणलेली होती, कोपरे गादीखाली गेले होते, उशी फुगली होती.

"अगं, काय केलंस हे!"

"बघवत नव्हतं हो मला! इतकी माणसं बघायला येतात आणि पलंग हा असा?"

"तो तसाच ठेवायचा होता!"

"कुणी सांगितलं?"

"आत्ता गाईडनं सांगितलं की!"

"मी चादरीकडे बघत होते," सिस्टर म्हणाली.

गाईड परत आला, त्यानं पलंग बघितला आणि कचेरीकडे हाक मारली. व्यवस्थापक धावत आले. त्यांनी दाराला कडी घातली आणि कपाटातून पलंगाचा मोठा फोटो काढला. "बाहेर ऐंशी माणसं उभी आहेत. बाई, होता तसा करा!"

सिस्टरनं मनापासून प्रयत्न केला. पण उजव्या हातानं चादर चुरगळली, की डावा हात आपसूक ती सारखी करी. चाळीस वर्षांची सवय ती! पाच मिनिटांत पलंग आधीपेक्षाही नीटनेटका झाला. आप्पांनी कपाळावर हात मारला.

व्यवस्थापकांनी फोटोकडे बघितलं, मग आप्पांच्या पोटाकडे बघितलं. "महाराज तुमच्याच अंगलटीचे होते. काका, जरा आडवे व्हा. डाव्या कुशीवर."

"मला चारला दरबारात जायचंय!"

"दहा मिनिटांचं काम!"

आप्पा बूट काढून राजाच्या पलंगावर चढले, कूस बदलली, पाय झाडले. फोटोतली एक सुरकुती काही केल्या जमेना. "अजून थोडं लोळा," व्यवस्थापक म्हणाले आणि सिस्टरला घेऊन कचेरीत गेले. तेवढ्यात बाहेरच्या पहारेकऱ्यानं खुशाल दार उघडलं!

ऐंशी माणसं आत. आप्पा डोळे मिटून निपचित.

"अय्या, महाराज! मेणाचे आहेत का हो?" एक बाई म्हणाली.

गाईड घाईघाईनं म्हणाला, "हो, मेणाचेच."

"टक्कल काय हुबेहूब केलंय!"

आप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मेणाला बोलता येत नाही. एक तुकडी गेली, दुसरी आली. तिसरीतल्या आजोबांनी कारागिरीतले दोष काढले. चौथी तर पोटाला हसली. भिंतीपलीकडे कुठेतरी चारचे ठोके पडले, मग साडेचारचा पडला. आप्पांच्या मिटल्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

पाचला महाल बंद झाला. व्यवस्थापकांनी फोटो पलंगाशेजारी धरला. "वा! तंतोतंत! गेल्या महिन्यापेक्षा छान!"

"गेल्या महिन्यापेक्षा?"

"चादर दर महिन्याला धुतो ना. आमचा नेहमीचा लोळणारा माणूस नेमका रजेवर आहे."

बूट घालून ते तणतणत बाहेर आले. फाटकापाशी सिस्टर उभी होती.

"कुठे होतीस तू?"

"दरबारात. तुम्ही काही सुटत नव्हता, म्हटलं निदान मी तरी बघून येते."

आप्पांनी मोठा श्वास घेतला. राग गिळला. शेवटी हळूच विचारलं, "कसं होतं गं सिंहासन?"

"छान होतं. पण एका पायानं डगमगत होतं हो." सिस्टरनं आप्पांचा दंड धरला आणि ती भराभर चालायला लागली. "आता नाही डगमगत. चला लवकर, मागे बघू नका."