अस्वलाने ब्लोअर कसा दुरुस्त केला

एका जंगलात, बाळांनो, गाड्या येऊन बरीच वर्षं झाली होती. अक्कल मात्र अजून वाटेत होती. त्या जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने धिप्पाड, स्वभावाने गरीब, आणि आपल्याला सगळं जमतं अशी त्याची पक्की समजूत. त्याचं नाव भालचंद्र.

उगीच आडपडदा कशाला ठेवू? ते अस्वल म्हणजे मीच.

माझ्याकडे एक जुनी गाडी होती. ती मला एका बिबट्याने विकली होती. "हिच्यापेक्षा मी जास्त पळतो, म्हणून विकतोय," असं तो म्हणाला. मला हे कारण फार प्रामाणिक वाटलं.

थंडी सुरू झाली आणि गाडीचा ब्लोअर बंद पडला. ब्लोअर म्हणजे गाडीच्या पोटात दडवलेला पंखा. उन्हाळ्यात तो गार वारा देतो, थंडीत गरम. आणि पुढच्या काचेवर आतून वाफ धरली, की तीही तोच घालवतो. माझा पंखा यातलं काहीच करेना. बटण फिरवलं की त्याच्यावरचा दिवा तेवढा लागे.

"साळिंदराच्या गॅरेजला दाखवून आणा," माझी बायको सुगंधा म्हणाली. "मंगळवारी नानांना घेऊन घाट उतरायचाय."

नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. घाटाखाली हत्ती डॉक्टरांचं इस्पितळ होतं. तिथली तारीख मिळायला आम्ही पावसाळाभर थांबलो होतो. ही चुकली तर पुढची कधी मिळेल, देव जाणे.

आमची मधुरा जन्मली ती नानांची नजर गेल्यानंतर. नाना तिला मांडीवर घेत, तिच्या पाठीवरून पंजा फिरवत आणि "छान आहे हो," म्हणत. मग मी आसपास नाही असं वाटलं, की सुगंधाला हळूच विचारत, "कुणासारखी दिसते?"

तेव्हा ब्लोअर चालू होणं फार गरजेचं होतं. हे मलाही कळत होतं. म्हणूनच तर मी ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायला तयार नव्हतो.

"साळिंदर उगाच सगळं खोलून ठेवेल," मी म्हणालो. "मी बघतो."

सुगंधाने अंगणातली टोपली उचलून आत नेली. आमच्या घरात हे वाक्य झालं, की सगळे आपापल्या वस्तू उचलून ठेवतात.

तेवढ्यात कोल्हेसाहेब आले. हे आमचे शेजारी. त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्यामुळे त्यांची गाड्यांबद्दलची मतं अगदी निःपक्षपाती असत.

"फ्यूज उडाला असणार, भालचंद्रराव," ते बॉनेटला टेकून म्हणाले. "सोपं काम आहे."

मी फ्यूजची डबी उघडली. आत रंगीत गोळ्यांसारखे फ्यूज ओळीने बसवलेले होते. मी सगळे उपटले, उजेडात धरून पाहिले. सगळे धडधाकट होते. मग मी ते परत बसवले. कुठला कुठे होता हे मी पाहून ठेवलं नव्हतं, पण रंगसंगती छान जमली.

ब्लोअर चालू झाला नाही. हॉर्न मात्र बंद झाला.

"म्हणजे वायरिंग," कोल्हेसाहेब म्हणाले. "बटणाच्या मागे बघा."

बटणाच्या मागे बघायचं, तर पुढचा सगळा भाग काढावा लागतो. मी काढला. रेडिओ काढला. रेडिओमागची जाळी काढली. वायरींचा मोठा पुंजका बाहेर आला आणि गुडघ्याशी लोंबू लागला. त्याच्याकडे मी बराच वेळ पाहिलं. त्या वायरींनीही माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही काही सुचेना.

"काय दिसतंय?" सुगंधाने दारातून विचारलं.

"बरंच काही," मी म्हणालो.

कोल्हेसाहेबांना तेवढ्यात कुठेतरी जायचं होतं. मी वायरी आत कोंबल्या. जेवढ्या बाहेर आल्या होत्या, तेवढ्या आत जाईनात. रेडिओ मागच्या सीटवर ठेवला. दिवस गेले, मंगळवार उजाडला, आणि साळिंदराकडे जायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.

सकाळी आम्ही निघालो. नाना माझ्या शेजारी बसले. सुगंधा मधुराला घेऊन मागे, रेडिओजवळ. घाटाच्या तोंडाशी धुकं होतं. आत चार अस्वलं श्वास घेत होती. पहिल्याच वळणाला काच आतून पांढरी झाली.

सुगंधा मागून वाकून फडक्याने काच पुसू लागली. ती डावीकडे पुसे तोवर उजवीकडे वाफ धरे. मी खिडक्या उघडल्या. गार वारा घुसला आणि नाना खोकायला लागले. मी खिडक्या लावल्या. काच पुन्हा पांढरी.

हॉर्न नव्हताच. मग प्रत्येक वळणाला नाना खिडकी थोडी उघडून डरकाळी फोडत. बिचाऱ्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. पण खरं सांगायचं, तर मलाही दिसत नव्हतं. एका वळणावर मी रस्ता समजून ज्याच्याकडे गाडी वळवली, ते धुकं होतं. सुगंधा ओरडली. मी ब्रेक दाबला. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर रस्ता संपत होता.

मी गाडी मागे घेतली, कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. मधुरा रडायला लागली.

"परत जाऊ या," नाना म्हणाले. "डोळ्यांचं काय, पुन्हा केव्हातरी."

हे ते फार सहज म्हणाले. मला त्याचाच जास्त त्रास झाला. मी काहीतरी करायचं म्हणून अर्धवट चावी फिरवली आणि ब्लोअरचं बटण गरागरा फिरवलं.

"थांब," नाना म्हणाले. "पुन्हा फिरव बघू."

मी फिरवलं.

"कण्हतंय काहीतरी. इथे, माझ्या गुडघ्यांच्या वर."

इंजिन बंद होतं, म्हणून ऐकू आलं. बारीक, दाबल्यासारखी घरघर. घरी मी हे सगळं केलं, तेव्हा कोल्हेसाहेब बोलत होते. आणि ते गप्प बसत तेव्हा मी बोलत होतो.

"म्हणजे त्याला फिरायचंय," सुगंधा म्हणाली. "कशाततरी अडकलंय. चावी काढा आधी."

तिने मधुराला माझ्याकडे दिलं आणि पुढे आली. नानांच्या समोरचा सामान ठेवायचा कप्पा तिने ओढून काढला. त्याच्यामागे एक चौकोनी खाच होती. तिथे हवा गाळायची जाळी असायला हवी होती. जाळी नव्हती. सुगंधाने खाचेत हात घातला, खांद्यापर्यंत. तिचा चेहरा बदलला.

तिने हात बाहेर काढला. हातात वाळ्याची जुडी होती. चांगली जाडजूड, दोऱ्याने बांधलेली, पण आता पिंजलेली.

"हा वाळा इथे कुणी ठेवला?" तिने विचारलं.

मी मधुराला थोपटू लागलो.

झालं होतं असं, बाळांनो. उन्हाळ्यात मला एक कल्पना सुचली होती. माठात वाळा घातला की पाणी सुगंधी होतं. मग गाडीच्या हवेत का नको? मी ती जाळी काढून फेकून दिली आणि तिच्या जागी वाळा ठेवला. काही दिवस वास फार छान आला. मी कोल्हेसाहेबांना तो घ्यायलाही लावला होता. पुढे वाळा हळूहळू खाली घसरला आणि पंख्यात जाऊन बसला.

"मला वाटलं, गार वाटेल," मी म्हणालो.

"वाटलं की," सुगंधा म्हणाली आणि उरलेल्या काड्या निवडून काढू लागली.

चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. बटण फिरवलं. पंख्याने आधी उरलासुरला वाळा आमच्या तोंडावर उडवला. नाना शिंकले. मग गरम वारा आला आणि काच खालून वर साफ होत गेली. आधी बॉनेट दिसलं, मग रस्ता, मग कठडा. मधुरा रडायची थांबून ते बघत राहिली.

आम्ही उशिरा पोचलो. हत्ती डॉक्टर थोडं रागावले. पण आधीचा ससा भुलीच्या इंजेक्शनला घाबरून पळाला होता, म्हणून आमचा नंबर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नानांच्या एका डोळ्याची पट्टी निघाली. सुगंधाने मधुराला त्यांच्यासमोर धरलं. नानांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं, की मधुराच लाजली.

"हिचं नाक आमच्या आईवर गेलंय," नाना म्हणाले. त्यांनी ते पंजाने हळूच चाचपलंही.

मग त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी समोरचं भगदाड पाहिलं, लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या, मागच्या सीटवरचा रेडिओ पाहिला.

"हे तू केलंस?"

"हो, नाना."

"दुसऱ्या डोळ्याची घाई नाही," ते म्हणाले.

आता पुढची गंमत ऐका. जंगलात बातमी पसरली, की भालचंद्राच्या गाडीचा ब्लोअर भर घाटात दुरुस्त झाला. जो तो विचारायला येऊ लागला. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "सुगंधाने केला." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "आम्ही केला." हल्ली मी नुसता हसतो आणि "त्यात काय एवढं," म्हणतो. कोल्हेसाहेब सांगतात, की पंख्यात काहीतरी अडकलंय हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

गव्याची गाडी गरम हवा देईना, तेव्हा तो ती माझ्याकडे घेऊन आला. मी कान लावला, डोळे मिटले आणि म्हणालो, "याचा पुढचा सगळा भाग काढावा लागेल."

आतून सुगंधा म्हणाली, "साळिंदराकडे न्या हो, भावोजी."

गव्याने ऐकलं नाही. त्याला जाणकार माणूस हवा होता.

तात्पर्य : यंत्र बिघडलं तर ते गॅरेजमध्ये कधीही देऊ नये. तिथे ते नुसतं दुरुस्त होतं. घरी खोललं, तर बायको दुरुस्त करते आणि नाव आपलं होतं.